डोळस भटकंती

पुण्याच्या पश्चिमेस वेताळ टेकडीची लांबच लांब रांग पसरलेली आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या टेकडीवर एक गृहस्थ नेहमी फिरावयास येत. त्यांच्या हातात एक काठी असे व तिच्या टोकाला छिन्नीसारखे धारदार लोखंड बसविलेले असे. चालता चालता ते मध्येच थांबत, मातीत रुतलेला एखादा लहानसा दगड काठीने उकरून काढीत आणि तो निरखून पाहत. हे गृहस्थ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. व्यवसायाने ते गणिताचे प्राध्यापक होते. परंतु भारताच्या प्राचीन इतिहासाचे एक थोर अभ्यासक म्हणून त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते.

दामोदरपंतांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे गाढे पंडित होते. १९१८ मध्ये ग्रंथसंपादनाच्या कामासाठी ते अमेरिकेस निघाले, तेव्हा त्यांनी लहानग्या दामोदरालाही बरोबर नेले. त्या परक्या देशात ग्रंथ हेच त्याचे सोबती झाले. गणिताबरोबर त्याने अनेक युरोपीय भाषाही आत्मसात केल्या. १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन दामोदरपंत मायदेशी परतले. बनारस व अलीगढ येथे काही काळ शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांची नेमणूक झाली. पण त्यांनी बिऱ्हाड मात्र पुण्यातच ठेवले. दख्खनच्या राणीने ते मुंबईस जात आणि तिनेच परत येत. ही रोजची ये-जा दुसऱ्या कोणास कंटाळवाणी वाटली असती. दामोदरपंतांना मात्र त्या वेळात मनसोक्त वाचन करता येई.

गणितातून ते इतिहासाकडे वळले, ते जुन्या नाण्यांमुळे. नाणे हातोहाती फिरले की झिजते व त्याचे वजन किंचित घटते. तेव्हा वजनावरून नाणे किती काळ वापरात होते, याचा अंदाज गणिताने करता येईल, असे त्यांना वाटले. प्राचीन चांदीची नाणी त्यांनी एकेक करून काट्यावर तोलली. आपला तर्क पडताळण्यासाठी बाजारात चालणारी साधी नाणीही तोलून पाहिली. पण ही जुनी नाणी पाडली कोणी? त्या काळचे लोक राहत कसे, खात काय? या प्रश्नांची पुरती उत्तरे त्यांना ग्रंथांत मिळेनात. मग ते घराबाहेर पडले आणि पायी हिंडू लागले.

घराजवळच्या टेकड्यांवर त्यांना गारगोटीच्या जातीच्या दगडांची इवली इवली हत्यारे सापडली. ती हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी घडविलेली होती. त्या वाटांवर शेंदूर फासलेल्या ग्रामदेवता होत्या. मेंढरे घेऊन हिंडणारे धनगर होते. दामोदरपंत त्यांच्याशी आपुलकीने बोलत व त्यांच्या वाटा आणि चालीरीती समजावून घेत. अनेक देवस्थाने त्या प्राचीन हत्यारांच्या जागांजवळच आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. कार्ले व जुन्नर येथील लेणी जुन्या व्यापारी वाटांच्या आसपास का कोरली गेली, हेही त्यांनी उलगडून दाखविले. ज्यांची नावे कोणत्याही ताम्रपटात नाहीत, अशा सामान्य माणसांनाही इतिहास असतो, हे त्यांनी या भटकंतीतून सिद्ध केले.

१९६२ मध्ये त्यांची मुंबईची नोकरी संपली. ज्या संस्थेत सुमारे सोळा वर्षे काम केले, तिची दारे बंद झाली. पण ग्रंथांचे कपाट आणि टेकडीची वाट कोणी बंद करू शकले नाही. त्याच वर्षी त्यांचा भटकंतीवर आधारलेला एक महत्त्वाचा ग्रंथ बाहेर पडला आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील दुसरा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे अठ्ठावन्न वर्षांचे होते.

पुस्तक, पायवाट आणि भेटेल त्याला प्रश्न विचारण्याची हौस, एवढेच दामोदरपंतांच्या आनंदाचे साहित्य होते. त्यासाठी त्यांना फार दूर जावे लागले नाही. आपल्या गावाबाहेरच्या टेकडीवरही असे अनेक दगड पडलेले असतील. त्यांच्याकडे वाकून पाहणारा मात्र हवा.