जिजाऊंच्या वडिलांना निजामशहा आणि मुघल दोघेही आपल्याकडे का ओढत होते?

आज हवाई दलात स्क्वाड्रन असते, पण हा शब्द मूळचा घोडदळातला. चारशे वर्षांपूर्वी ताकद मोजली जायची ती घोडेस्वारांवरच. आणि बुलढाण्याच्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव यांच्याकडे स्वारांची कमी नव्हती.

जिजाऊंचे वडील असलेले लखुजीराजे निजामशाहीतले बडे सरदार. त्या काळी स्वार सरदाराच्या पदरी असायचे. त्यामुळे सरदार फिरला की फौजही फिरायची.

१६२१ च्या सुमारास लखुजीराजे मुघलांकडे गेले. तिथे जाधव घराण्याला सगळी मिळून २४ हजार जात आणि १५ हजार स्वार अशी मनसब होती. जात म्हणजे दरबारातला दर्जा आणि त्यावर ठरणारा पगार. स्वार म्हणजे पदरी ठेवायचे घोडेस्वार.

पुढे ते निजामशाहीत परतले, पण संशय काही सुटला नाही. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात लखुजीराजे, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव अशा चौघांचा खून झाला. मागे राहिलेले जाधव पुन्हा मुघलांना मिळाले.

त्यांचे दुसरे नातू म्हणजे शिवाजी महाराज. त्यांच्या पागेत घोडाही सरकारी आणि पगारही सरकारी. २५ बारगीरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. शिलेदार आपला घोडा आणायचे, पण हुकूम सरनोबताचाच.

म्हणजे सरदार फिरला तरी पागा जागेवरच. आजोबांच्या काळात नेमकं हेच नव्हतं.

लखुजीराजांची भव्य समाधी आजही सिंदखेडराजात आहे.