वाया न गेलेले वर्ष
(मरहूम डॉ. झाकीर हुसेन यांचे जीवन)

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची वर्दळ सुरू होते. गुणपत्रिका पुढे करून बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात, मुलगा डॉक्टर होईल ना? मुलाला कोणता विषय आवडतो असे विचारले तर मुलगा खाली मान घालतो आणि उत्तर वडील देतात. पुढे गुण कमी पडले, प्रकृतीने साथ दिली नाही किंवा विषय झेपला नाही, तर घरात जणू मय्यत झाल्यासारखी कळा पसरते. अशा घरांसाठी मरहूम डॉ. झाकीर हुसेन यांच्या जीवनातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ते भारताचे तिसरे राष्ट्रपती होते हे आपल्या मुलांना पाठ असते. परंतु त्यांनाही एके काळी वैद्यकीचा डॉक्टर व्हायचे होते आणि ते होऊ शकले नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करीत. १९०७ साली वडिलांचे निधन झाले, तेव्हा झाकीर अवघे दहा वर्षांचे होते. कुटुंब कायमगंजला परतले आणि मुलाला इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घातले. तो तेथे शिकत असतानाच १९११ साली प्लेगच्या साथीत आईही गेली. चौदा वर्षांच्या वयात मुलगा पोरका झाला, तरी त्याचे शिक्षण थांबले नाही. वसतिगृहातील साधी राहणी, वेळेवर नमाज आणि अभ्यास यांची सवय त्यांना याच शाळेत लागली.

पुढे डॉक्टर होण्याचा विचार त्यांच्या मनाने घेतला. त्या वाटेने जावे म्हणून ते लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. परंतु थोड्याच दिवसांत ते आजारी पडले. दुखणे असे की कॉलेज सोडावे लागले आणि सबंध वर्ष बुडाले. आपल्या घरी असे घडले असते तर काय झाले असते याचा प्रत्येकाने विचार करावा. शेजारीपाजारी हळहळले असते आणि मुलाने स्वतःला नापासांत मोजले असते.

बरे झाल्यावर झाकीर हुसेन यांनी वैद्यकीचा नाद सोडला. सर सय्यद अहमद खान यांनी स्थापन केलेल्या अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला आणि बी.ए.साठी इंग्रजी वाङ्मय, तत्त्वज्ञान व अर्थशास्त्र हे विषय निवडले. हे विषय नाइलाजाने पदरात पडले म्हणून त्यांनी कसेबसे उरकले नाहीत. ते त्यांत रमले, वादविवादात नाव मिळवले, विद्यार्थी संघाचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आले आणि १९१८ साली पदवीधर झाले. पुढे प्लेटोच्या रिपब्लिक या ग्रंथाचा त्यांनी उर्दूत अनुवाद केला. अर्थशास्त्रावरील ग्रंथही उर्दूत आणले. बी.ए.ला घेतलेले विषय त्यांना जन्मभर पुरले.

पहिला बदल आजाराने लादला होता. दुसरा बदल त्यांनी स्वतः होऊन केला. १९२० साली गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले आणि सरकारी मदतीवर चालणारी विद्यालये सोडण्याचे त्यांनी आवाहन केले. झाकीर हुसेन तेव्हा पुढील शिक्षण घेत होते आणि शिकवीतही होते. चांगल्या नोकरीचा मार्ग समोर दिसत असताना त्यांनी कॉलेज सोडले. त्यांच्यासारख्या तरुणांच्या निर्धारामुळे २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथेच जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था सुरू झाली.

१९२२ साली ते जर्मनीस गेले. बर्लिन विद्यापीठात त्यांनी हिंदुस्थानातील शेतीच्या अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ साली पीएच.डी. मिळवली. अशा रीतीने नावामागे डॉक्टर ही पदवी लागली, पण ती औषधाची नव्हती! त्याच मुक्कामात एका छापखान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने खिळे जुळवून गालिबचा दीवान छापून घेतला. हाताचे काम कमी प्रतीचे, असे त्यांनी कधी मानले नाही.

इकडे जामियाची दशा बिकट झाली होती. खिलाफत चळवळ ओसरली, पैसा आटला, संस्था बंद करण्याचा विचार चालू झाला. झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहंमद मुजीब या बर्लिनमधील तिघा मित्रांनी, संस्था चालू ठेवा, आम्ही सेवेस येतो, असे कळवले आणि १९२६ साली ते खरोखरच आले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी झाकीर हुसेन कुलगुरू झाले. पुढे हकीम अजमल खान यांच्या निधनानंतर संकट अधिकच गडद झाले, तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी यांनी वीस वर्षे सेवा करण्याची व महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची प्रतिज्ञा केली. १९३५ साली दिल्लीजवळ ओखला येथे नव्या इमारतीचा पाया घातला गेला. तो कोणा नवाबाच्या हस्ते नव्हे, तर शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते! बावीस वर्षे, म्हणजे १९४८ पर्यंत, त्यांनी ही धुरा वाहिली.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून आणि मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत शिक्षण देण्याची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. ही योजना नई तालीम म्हणून सर्वश्रुत आहे.

त्यानंतरच्या मानसन्मानांविषयी थोडक्यात सांगतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू, बिहारचे राज्यपाल, १९६२ साली उपराष्ट्रपती, १९६३ साली भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी त्या पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर राष्ट्रपती भवनात नाही, जामियाच्या आवारात आहे.

पालक बंधू-भगिनींनो, शास्त्र शाखा वाईट असे माझे म्हणणे नाही. ज्याला आवड आहे आणि झेपते आहे त्याने अवश्य डॉक्टर व्हावे. समाजाला त्याची गरज आहे. परंतु ज्याची ती वाट बंद झाली, त्याला घरात गुन्हेगार ठरवू नका. त्याला पुढच्या वाटेचा विचार करण्यास अवधी द्या आणि एखादे वर्ष गेले म्हणून त्याच्यावरचा विश्वास काढून घेऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. विषय बदलला म्हणजे मेहनत टळली, असे मात्र समजू नका. झाकीर हुसेन यांचे बुडालेले वर्ष आपोआप भरून निघाले नाही. नव्या विषयात त्यांनी जीव ओतला आणि मिळालेली विद्या समाजाच्या पदरात टाकली, म्हणून ते भरून निघाले. अल्लाह तुम्हाला तशीच हिंमत देवो!