सगळ्यांचा लाडका लक्ष्या

मैत्रिणींनो, काही नटांना अहो-जाहो करायला जीभच वळत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे त्यातलाच. आमच्या घरी तो कायम लक्ष्याच होता. माझ्या सासूबाई तर शेजारच्या पोराबद्दल बोलावं तशा त्याच्याबद्दल बोलायच्या. १६ डिसेंबर २००४ ला तो गेला. बातमी कळली तशी आमच्या आळीत ज्या दोघी-तिघी भेटल्या, त्या त्याच्याबद्दलच हळहळत होत्या. पन्नाशीच जेमतेम गाठली होती हो त्यानं! मूत्रपिंडाच्या आजारानं त्याला नेलं.

लक्ष्याचा जन्म १९५४ चा. वाढला तो मुंबईत, गिरगावात. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी घराला हातभार म्हणून त्यानं लॉटरीची तिकिटंसुद्धा विकली. माझी मावशी गिरगावातच राहायची, त्यामुळे तिथल्या चाळी मी पाहिल्यात. लांबलचक गॅलरी, सामायिक नळ आणि एकाच्या घरात भांडं पडलं तर दहा घरांत आवाज! गणपतीच्या दिवसांत तिथं नाटकं व्हायची. अशाच नाटकांतून लक्ष्याला अभिनयाची गोडी लागली. माणसांच्या इतक्या जवळ राहिलेला हा मुलगा पडद्यावर परका वाटणार तरी कसा?

पुढे केळेवाडीतल्या मुंबई मराठी साहित्य संघात तो नोकरीला लागला. तिथंच छोट्या-मोठ्या भूमिका करत राहिला. मग पुरुषोत्तम बेर्डे यांचं ‘टुरटुर’ आलं आणि त्याचं नाव झालं. १९८४ मध्ये ‘लेक चालली सासरला’, १९८५ मध्ये महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’. त्यानंतर त्यानं मागं वळून पाहिलंच नाही.

तो काळ आठवा जरा. १९८२ च्या संपानं लालबाग-परळच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते. कितीतरी कुटुंबं कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परत आली. आमच्या गावातही आली. बाप गप्प, आई शिवणकाम नाहीतर खानावळ चालवतेय, असं घराघरात चित्र. तेव्हा लालबागच्या ‘भारतमाता’त काय, नाहीतर गावोगावच्या तंबूत काय, लक्ष्या-अशोकमामांच्या जोडीनं लोकांना पोट धरून हसवलं. त्यानं पगार सुरू झाले नाहीत, पण घरी परतताना माणसं एकमेकांशी बोलायला तरी लागली.

आणि १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’! त्यातली त्याची पार्वती कोण विसरेल? पदर सावरणं, लाजणं, मुरडणं आणि वर त्या डोहाळजेवणाचा थाट! पुरुषानं बाई रंगवली की बरेचदा ओंगळ होतं. इथं मात्र आम्ही सासूबाईंच्या शेजारी बसून बिनधास्त हसलो. तो आपल्याला हसत नव्हता, आपल्याबरोबर हसत होता, असं मला आजही वाटतं.

हिंदीतही तो गेला. १९८९ चा ‘मैंने प्यार किया’, १९९४ चा ‘हम आपके हैं कौन’. ‘हम आपके’मधला नोकर लल्लू तर देशभर पोचला. पण मला सांगायचंय ते १९९२ च्या ‘एक होता विदूषक’बद्दल. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, पु. ल. देशपांडे यांची पटकथा. तमाशातल्या कलावंतिणीचा मुलगा आबुराव लक्ष्यानं त्यात जीव ओतून उभा केला. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. प्रेक्षक मात्र हवे तेवढे फिरकले नाहीत. लोकांना लक्ष्या हसवणाराच हवा होता. मग तो पुन्हा हसवायला लागला. १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ आला आणि लोक खूश!

मला हे फार लागतं. प्रत्येक घरात एखादी अशी असते बघा. लग्नकार्यात सगळ्यांना हसवणारी, नकला करणारी. ती कधी गंभीर होऊन काही सांगायला लागली, तरी लोक हसायच्याच तयारीत असतात. तिचं दुखणं कुणी विचारत नाही. लक्ष्यालाही दुःखं काही कमी नव्हती. १९९८ साली रुही बेर्डे गेल्या. तो स्वतः गेला तेव्हा प्रियाच्या पदरात दोन लहान मुलं होती. पोरगा अभिनय २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मधून पडद्यावर आला, तेव्हा आम्ही मैत्रिणी मुद्दाम बघायला गेलो होतो. चेहऱ्यात बापाची झाक शोधत होतो, दुसरं काय!

‘बनवाबनवी’ आजही टीव्हीवर लागला की हातातलं काम बाजूला राहतंच. राहू दे की! पण एखाद्या निवांत दुपारी ‘एक होता विदूषक’ही बघा. घरातल्या त्या हसवणाऱ्या बाईलाही शेजारी बसवून घ्या. आणि सिनेमा संपला की तिला जरा बोलू द्या.