भरल्या मापाचा गायक

सुगम संगीत हा शब्द आपल्याकडे थोड्याशा कमीपणाच्या भावनेनेच उच्चारला जातो. शास्त्रीय ते भारदस्त आणि सुगम ते हलके, अशी सोयीची वाटणी जाणकारांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. भावगीत हे दिवसभराच्या कामानंतर घटकाभर मन रमवण्याचे साधन, त्याला फारशी विद्या लागत नाही, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. परंतु ऐकणाऱ्याला जे सुगम वाटते, ते गाणाऱ्यालाही सुगम असते असे मुळीच नाही. ज्या गाण्यातला प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत अर्थासह पोहोचतो, त्यामागे अपार कष्ट उभे असतात. २९ जुलै २००२ रोजी मुंबईत निधन पावलेले सुधीर फडके, म्हणजेच महाराष्ट्राचे बाबूजी, यांचे सारे आयुष्य या कष्टांची साक्ष देते. आणि हे कष्ट केवळ गाण्यापुरते नव्हते, ही गोष्ट त्यांच्या गोड आवाजाच्या आठवणीत बहुधा हरवून जाते.

फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. वडील वकील होते. मुलाचे नाव ठेवले राम. सुधीर हे नाव पुढे गाण्याबरोबर आले आणि तेच जगाने स्वीकारले. संगीताचे पहिले धडे त्यांनी वामनराव पाध्ये यांच्याकडे घेतले. आईचे छत्र लवकर हरपले, घरची सुबत्ता ओसरली आणि कोवळ्या वयातच या मुलाला स्वतःच्या पोटाची चिंता करावी लागली. त्यानंतरची काही वर्षे भटकंतीची आणि उपासमारीची होती. गाण्याच्या आधारावर त्यांनी उत्तरेकडची गावे पालथी घातली. कोठे चार पैसे मिळत, कोठे नुसतीच वाहवा. बाजारात कलेचा भाव काय असतो आणि तो ठरवतो कोण, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने नव्हे, रिकाम्या पोटाने शिकवले. आयुष्याच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या आत्मकथनात या दिवसांचे जे चित्र आहे, ते वाचताना वाचकाचे मन विषण्ण होते.

१९४१ मध्ये त्यांना एच.एम.व्ही. कंपनीत संगीतकाराचे काम मिळाले आणि पायाखाली जमीन आली. १९४६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘गोकुळ’ने त्यांचा चित्रपटसृष्टीत प्रवेश झाला. १९४९ मध्ये गायिका ललिता देऊळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला; त्या विवाहात मंगलाष्टके म्हटली ती महंमद रफी यांनी. पुढे राजा परांजपे यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि फडके यांचे संगीत या त्रयीने ‘लाखाची गोष्ट’, ‘जगाच्या पाठीवर’ यांसारखे चित्रपट घराघरांत नेले.

फडके यांच्या गायकीचे मर्म कशात होते? हिराबाई बडोदेकर आणि बालगंधर्व यांचे संस्कार त्यांनी मनोभावे घेतले होते, तेव्हा सुरांचा तुटवडा त्यांच्यापाशी नव्हता. तान घेण्याची ताकद असताना ती न घेण्याचा संयम, हे त्यांचे पहिले वैशिष्ट्य. चाल बांधताना ते कवीच्या ओळीला आपल्या सुरांमागे फरफटत नेत नसत. बोलताना त्या वाक्याला जे चढउतार येतील, त्यांतूनच सूर शोधत. श्वास घ्यायचा तो अर्थ पुरा झाल्यावर, शब्दाचे तुकडे करून नव्हे. अनुस्वार असो, महाप्राण असो वा ओळीच्या शेवटी येणारे दुबळे अक्षर असो, प्रत्येकाला त्याचा न्याय्य वाटा मिळे. जालन्याच्या मोंढ्यात धान्याची पोती तोलली जातात तेव्हा काटा मारणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गाण्याच्या व्यवहारातही काटा मारता येतो. आवाजाच्या गोडव्यात अर्धामुर्धा शब्द लपवला तरी श्रोता तक्रार करीत नाही. फडके यांनी ही लबाडी जन्मात केली नाही. त्यांचे माप नेहमी भरलेले असे.

या माणसाच्या आयुष्यातील नऊ महिन्यांचा काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. १९५४ साली ‘पहली तारीख’ हा हिंदी चित्रपट आला. पगाराच्या दिवशी नोकरदाराच्या घरात उसळणाऱ्या आनंदाचे त्यातील गाणे किशोरकुमार यांनी गायिले आणि पुढे कित्येक वर्षे रेडिओ सिलोनने ते दर महिन्याच्या एक तारखेला ऐकवले. कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी त्या सुरावर महिन्याचे हिशेब मांडले. त्याचे संगीतकार आपले बाबूजी आहेत, हे त्यांतील अनेकांच्या गावीही नसेल. त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातील दादरा-नगर हवेली मुक्त करण्यासाठी जे मोजके तरुण निघाले, त्यांत हा नावाजलेला संगीतकार होता. मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. आणि त्यानंतर आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले.

गीतरामायणाविषयी इतके लिहिले गेले आहे की त्याचे पुन्हा गुणगान करण्याचे प्रयोजन नाही. दर आठवड्याला एक नवे गीत, असा तो वर्षभराचा यज्ञ होता. १९५६ च्या मार्चपर्यंत छप्पन्न गीते झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके असे नामवंत आवाज त्यांत होते. आठवडा संपत आला तरी माडगूळकरांचे गीत हाती पडलेले नसे, आणि प्रसारणाची वेळ तर ठरलेली. अशा ओढाताणीतही एकाही गीताची चाल उरकून टाकलेली नाही. पुढे फडके यांनी एकट्याने हे सारे गाणे मंचावर नेले आणि अनेक वर्षे गावोगावी त्याचे कार्यक्रम केले. चाली जशाच्या तशा ठेवून अनेक भारतीय भाषांत त्याची भाषांतरे झाली.

मराठवाड्याच्या दृष्टीने या घटनेला आणखी एक अर्थ आहे. गीतरामायण प्रसारित होत होते तेव्हा जालना हे मुंबई राज्यात नव्हते, हैदराबाद राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली असली तरी वरच्या शिक्षणाचे माध्यम पिढ्यान्‌पिढ्या उर्दू राहिले होते आणि मराठी ही घरातली, देवळातली व बाजारातली भाषा होती. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे गीतरामायणाचे अखेरचे गीत होऊन सात महिने उलटल्यावर. रेडिओसंच तेव्हा मोजक्या घरांत असत आणि त्यांना सरकारी परवाना लागे. तरीही पुस्तक, ध्वनिमुद्रिका आणि पुढे परभणी व औरंगाबाद येथील आकाशवाणी केंद्रे यांच्या वाटेने ही गीते येथे पोहोचली. ज्या समर्थ रामदासांचा जन्म रामनवमीलाच झाला, त्यांचे जांब हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे. रामकथा या भूमीला कोणी नव्याने सांगण्याची गरज नव्हती. येथील माणसाला फडके यांच्या गळ्यातून मिळाली ती स्वच्छ, निर्दोष आणि तरीही अवघड न वाटणारी मराठी. ज्या प्रदेशात भाषेला राजाश्रय नव्हता, तेथे अशा उच्चाराचे मोल अधिक असते.

तथापि फडके यांच्या चरित्रातील एक प्रकरण असे आहे की ज्याचा उल्लेख गाण्याच्या कार्यक्रमांत क्वचितच होतो. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळून निघाला होता. त्यापाठोपाठ जगभर खनिज तेलाचे भाव भडकले आणि १९७३ व १९७४ या वर्षांत देशातील महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. ठरलेल्या पगारावर जगणाऱ्यांची एक तारखेची खुशी चार दिवसांत मावळू लागली. अशा वेळी, १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी यांच्याबरोबर तिच्या संस्थापकांत सुधीर फडके होते. कल्पना साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याच्या किराण्याची मागणी एकवट नोंदवायची, माल शक्य तितका मुळाशी जाऊन घाऊक खरेदी करायचा आणि सभासदांनीच त्याचे वाटप करायचे. मधल्या हातांचा नफा वाचतो, भेसळीला आळा बसतो आणि मुख्य म्हणजे एकटा पडलेला गिऱ्हाईक संघटित होतो. ग्राहक संरक्षणाचा कायदा संसदेने केला तो १९८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या गायकाने डाळ-तांदळाच्या भावात लक्ष घालावे, हे अनेकांना विचित्र वाटले तर नवल नाही. वस्तुतः त्यात विसंगती काहीच नव्हती. श्रोत्याला पुरा शब्द मिळाला पाहिजे आणि गिऱ्हाइकाला पुरे वजन मिळाले पाहिजे, या दोन्ही आग्रहांचे मूळ एकच आहे.

त्यांच्या राजकीय निष्ठा उघड होत्या. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते आणि सावरकरांचे निस्सीम भक्त. पोर्तुगीजांच्या तुरुंगात खितपत पडलेल्या मोहन रानडे यांच्या सुटकेसाठी त्यांनी परिश्रम केले. सावरकरांवरील चित्रपटाचा संकल्प त्यांनी लोकवर्गणीच्या बळावर केला. तो वर्षानुवर्षे रखडला, टीका झाली, प्रकृती खालावली, पण २००१ मध्ये चित्रपट पडद्यावर आणूनच त्यांनी विसावा घेतला. पुढच्याच वर्षी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ते गेले. त्यांची मते न पटणारी माणसे महाराष्ट्रात पुष्कळ होती आणि आहेत. परंतु घेतलेल्या वर्गणीचे ऋण त्यांनी बुडवले नाही, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल. आणि ज्यांना ती मते पटतात, त्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे की हा आवाज एका पक्षाचा किंवा पंथाचा कधीच नव्हता. सरकारी आकाशवाणीने तो घराघरांत नेला आणि सर्व मतांच्या मराठी माणसांनी तो आपला मानला.

आज रामनवमी आली की चौकाचौकांत कर्णे लागतात आणि त्यांतून गीतरामायण इतक्या कर्कशपणे वाजते की एकही शब्द धड ऐकू येत नाही. ज्या माणसाने शब्दासाठी आयुष्य वेचले, त्याच्या स्मृतीची याहून मोठी विटंबना नाही. जयंत्या आणि पुण्यतिथ्यांचे कार्यक्रम होतात, हुबेहूब आवाज काढणारे गायक टाळ्या घेतात आणि निवेदक त्याच त्या आठवणी सांगतात. त्यात वावगे काही नाही, पण तेवढ्याने ऋण फिटत नाही. वर्गात कविता शिकवणाऱ्या शिक्षकाने ती स्वच्छ म्हणून दाखवावी, कचेरीतील कारकुनाने समोरच्या खेडुताला त्याच्या कागदाचा अर्थ त्याला कळेल अशा भाषेत सांगावा, विद्यार्थ्याने एक गीत तरी शेवटपर्यंत कान देऊन ऐकावे. सोन्याचा पाळणा म्हणून ख्याती असलेल्या जालन्यासारख्या बाजारपेठेच्या गावात तर गिऱ्हाइकाने पावती मागावी आणि व्यापाऱ्याने ती हसतमुखाने द्यावी. सुधीर फडके यांना गाता येईल असे गाणे फार थोड्यांना साधेल. माप भरून देणे मात्र प्रत्येकाला साधण्यासारखे आहे.