फादर थॉमस स्टीफन्स : प्रवचनाला मराठी वाणी देणारे धर्मगुरू

जानेवारी २०२० मध्ये धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एका कॅथोलिक धर्मगुरूला लाभलेल्या या मानाची पायवाट चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज धर्मगुरूने घातली होती.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. स्वदेशात कॅथोलिकांचा छळ होत असल्याने ते रोमला गेले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. गुरुदीक्षा त्यांना येथेच मिळाली. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यत्वे गोव्यातील साष्टी भागात सेवाकार्य केले. मायदेशी ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडल्यामुळे लोक दुखावलेले होते. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना दग्याने ठार केले. तलवारीने माणसे वाकतात, पण त्यांची मने जिंकली जात नाहीत, हे स्टीफन्स यांनी जवळून पाहिले होते. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने रविवारी व सणावारी भाविकांना मिस्सेतील रहस्यांचे विवरण करून सांगावे, असे धर्मगुरूंना १५६२ मध्येच बजावले होते. पण सांगायचे कोणत्या भाषेत, आणि कोणत्या चालीत?

उत्तर भाविकांकडूनच आले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी स्टीफन्स तो प्रसंग रंगवतात. धर्मशिक्षण चांगले आहे, पण पूर्वी पुराणे ऐकत होतो तसे काही आता ऐकायला मिळेल का, अशी विचारणा एक नवख्रिस्ती करतो. धर्मोपदेशकाने आधी श्रोत्यांचे ऐकले पाहिजे, याचा याहून चांगला दाखला क्वचितच सापडेल. मराठी माणसाचा कान कथा-कीर्तनावर घडलेला आहे. संत गोरोबा काकांच्या तेरमध्ये, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यात, हे वेगळे सांगायला नको.

स्टीफन्स यांनी कोकणी व मराठी दोन्ही आत्मसात केल्या आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत जगाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची तारणकथा सांगितली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यासही ते कचरले नाहीत. त्या शतकात हे धाडसच होते. १६१६ मध्ये राशोल (रायतूर) येथे ग्रंथ छापला गेला. इथल्या लिपीचे खिळे पाडू द्यावेत, अशी विनंती त्यांनी १६०८ मध्ये रोमला केली होती. ती फळाला आली नाही व ग्रंथ रोमी लिपीतच निघाला. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे वाचन होई. १६१९ मध्ये स्टीफन्स निवर्तले. त्यांचा कोकणी धर्मशिक्षणग्रंथ १६२२ मध्ये, तर कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

१६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ज्या भाषेत शुभवर्तमान लोकांच्या हृदयात उतरले होते, तिच्यावरच हा घाला होता. तरीही ओव्या लोकांच्या मुखी राहिल्या. स्थलांतरित कुटुंबांनी हस्तलिखिते मंगळूरकडे नेली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली. सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो या हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमी लिपीतील आवृत्ती काढली. देवनागरीत हा ग्रंथ आला तो १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली, पहिल्या छपाईनंतर तब्बल ३४० वर्षांनी.