आवाजाला दिशा देणारे संशोधक

कोलशेतच्या खाडीकाठी डोळे मिटून उभे राहिले, तरी होडी डावीकडून येत आहे की उजवीकडून, हे वल्ह्यांच्या आवाजावरून कळते. आवाज दोन्ही कानांवर एकाच क्षणी व सारख्याच जोराने पडत नाही. त्या अल्पशा फरकावरून मनुष्यास दिशा उमगते. यंत्रातून निघणाऱ्या आवाजालाही अशी दिशा देता येईल, हे ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज संशोधकाने ओळखले.

ॲलनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडन येथे झाला. सात वर्षांचा असताना त्याने घरच्या दाराची बिघडलेली घंटा दुरुस्त केली आणि कामाचे बिल वडिलांच्या हाती ठेवले! वाचनाशी मात्र त्याचे सख्य नव्हते. बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नसे, असे सांगतात.

पुढे ब्लूमलाइन ई.एम.आय. या ध्वनिमुद्रण कंपनीत संशोधन करू लागले. १९३१ साली ते आपल्या भावी पत्नीसह बोलपट पाहावयास गेले. नट पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाई, त्याचा आवाज मात्र एकाच कर्ण्यातून, एकाच जागेवरून येई. इतर प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नसावे; ब्लूमलाइन यांना ते खटकले.

त्यांनी काढलेली युक्ती अशी : आवाज दोन मायक्रोफोनांनी टिपावा, दोन स्वतंत्र मार्गांनी न्यावा आणि दोन कर्ण्यांतून ऐकवावा. दोन्ही कर्णे सारख्याच जोराने वाजले, तर आवाज मधून आल्याचा भास होतो. डावा चढविला व उजवा उतरविला, की तोच आवाज डावीकडे सरकतो. कर्णा जागचा हलत नाही! आज चित्रपटगृहात प्रेक्षकांच्या चोहोबाजूंस कर्णे असतात व त्यांचे आवाज निरनिराळे कमीअधिक करता येतात. त्याचे मूळ या जोडीत आहे. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन्ही आवाज कोरण्याची रीतही त्यांनी शोधली. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी या सर्वांच्या पेटंटसाठी अर्ज केला.

१९३५ साली हेझ स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांचे चित्रण त्यांच्या पद्धतीने झाले. गाडी पडद्यावरून जाई, तसतसा तिचा खडखडाटही सरकत जाई. पण कंपनीचे लक्ष तेव्हा दूरचित्रवाणीकडे वळले होते. ब्लूमलाइनही त्या कामात गुंतले आणि हा शोध मागे पडला.

मग महायुद्ध आले. ढगांतून व अंधारातून विमानाला खालची भूमी दाखवणारे रडार सिद्ध करण्याच्या कामी ब्लूमलाइन लागले. ७ जून १९४२ रोजी त्याची चाचणी चालू असता विमान कोसळले. आतील अकराही जण मृत्युमुखी पडले. ब्लूमलाइन तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते. युद्धातील गुप्ततेमुळे त्यांच्या मृत्यूची वार्ताही तेव्हा प्रसिद्ध झाली नाही. एका खाचेत दोन आवाज साठविणाऱ्या तबकड्या दुकानांत येऊ लागल्या, तेव्हा १९५८ साल उजाडले होते.