दक्षिणा, उसने पैसे आणि एक पीएचडी

फेलोशिपची जाहिरात कधी येणार, नेटमध्ये जेआरएफ बसेल का आणि नाहीच बसली तर घरी काय सांगायचं? एमएच्या दुसऱ्या वर्षाला असाल, तर हे प्रश्न कट्ट्यावर रोजच ऐकत असाल. त्यातून विषय समाजशास्त्र असेल तर नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतोच, की हे शिकून पुढे करणार काय? हाच प्रश्न जवळपास शंभर वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मुलीसमोरही होता. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे, कारण ‘युगान्त’ तुमच्या घरात नाहीतर कॉलेजच्या लायब्ररीत असणारच. आज इरावती कर्वे लेखिका म्हणून भेटत नाहीयेत, संशोधनासाठी पैसा आणि नोकरी शोधणारी मुलगी म्हणून भेटताहेत.

इरावतीबाईंचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. वडील गणेश हरी करमरकर तिथे इंजिनीअर होते. सातव्या वर्षी मुलगी पुण्यात हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी मुलीसारखी वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ साली त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन बीए केलं.

इथे पहिली फेलोशिप आली, ‘दक्षिणा फेलोशिप’. हे नाव कुठून आलं माहितीये? पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजांनी तो निधी पुढे शिक्षणाकडे वळवला. पेशव्यांचा हा पैसा शंभर वर्षांनी एका मुलीच्या समाजशास्त्राच्या एमएला उपयोगी पडला! मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९मध्ये सुरू झाला होता आणि तेव्हा तो डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये चालवत होते. त्यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी विषय घेतला चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे स्वतःच्याच समाजाचा. माहिती हाताशी आणि खर्च कमी. १९२८मध्ये एमए झालं.

पुढे काय? लग्न झालं होतं महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनेही तिथे जाऊन पीएचडी करावी, असं त्यांना वाटत होतं. विरोध केला तो चक्क सासऱ्यांनी. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, विद्यापीठ उभं केलं, त्यांनाच घरच्या सुनेने परदेशी जावं हे पटलं नव्हतं. मग पैसे कुठून आले? जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांनी कर्ज दिलं. वय बावीस-तेवीस, डोक्यावर कर्ज आणि बर्लिनला जाणारी बोट. आपल्याच वयाची मुलगी, बरं का!

बर्लिनमधल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत गाइड होते ऑयगेन फिशर. मोठं नाव. विषय मिळाला माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा. ही असमानता आणि वंश यांचा संबंध आहे, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि असा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं.

आता स्वतःला तिथे ठेवून बघा. गाइड म्हणतो तसं लिहिलं तर सगळं सोपं. नाही लिहिलं तर पदवीची खात्री नाही आणि कर्ज मात्र फेडायचंच आहे. तरीही आकडे सांगत होते तेच त्यांनी लिहिलं, आणि १९३०मध्ये डॉक्टरेट मिळाली. पुढे नाझी सत्तेत आले तेव्हा फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि ती संस्था वंशशुद्धीच्या राजकारणात सामील झाली. हे माहीत झालं की त्या प्रबंधाचं वजन कळतं.

डॉक्टरेट घेऊन परत आल्यावर लगेच प्राध्यापकी मिळाली असेल ना? नाही. देशात समाजशास्त्राचे विभागच बोटांवर मोजण्याइतके. १९३१ ते १९३६ त्यांनी महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एसएनडीटीत, रजिस्ट्रार म्हणून काम केलं. फायली, परीक्षा, कारभार. विषयातली खरी जागा मिळाली १९३९मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रीडर म्हणून. डॉक्टरेटनंतर नऊ वर्षांनी!

तीही जागा सहज तयार झाली नव्हती. सरकारने १९३४मध्ये डेक्कन कॉलेज बंद केलं होतं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले, तेव्हा ते १९३९मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. गंमत म्हणजे या कॉलेजचं मूळही त्याच दक्षिणा निधीत आहे.

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. भारतभर फिरून नातेसंबंधांची माहिती गोळा केली आणि उत्तर, मध्य, दक्षिण, पूर्व अशा चार विभागांत मांडली. त्यांचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ १९५३मध्ये आलं. पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननात काम केलं. ‘युगान्त’ला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं, याचा अहवाल १९६९मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

त्यांचं सगळंच आज पटतं असं नाही. डोकी मोजून समाज समजून घेण्याच्या पद्धतीवर पुढच्या अभ्यासकांनी टीका केली आणि ती वाचायलाच हवी. शिवाय परांजप्यांचं घर, पाठीशी उभा राहणारा नवरा, कर्ज देणारी ओळख हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच फेलोशिप लागते. ओळख नसलेल्या मुलीलाही बर्लिनपर्यंत जाता यावं, यासाठीच तर ती असते.

तेव्हा जाहिरात आली की फॉर्म भरा. उशीर झाला तर विचारा, पाठपुरावा करा. आणि मधली काही वर्षं वेगळ्याच खुर्चीत बसावं लागलं, तर ती रजिस्ट्रारची पाच वर्षं आठवा.